पेशीपटलातला मेद वर्गात दाखवायचा कसा: बीट, सोया लेसिथिन आणि टीडीएस पेन

पेशीपटल साधारण ७ ते ८ नॅनोमीटर जाड असतं. शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाला २०० नॅनोमीटरपेक्षा जवळ असलेल्या दोन गोष्टी वेगळ्या दाखवता येत नाहीत, त्यामुळे पटल तिथं कधीच दिसणार नाही. कांद्याच्या पापुद्र्यात जी ठळक रेघ दिसते ती पेशीभित्तिका. पटल तिला आतून चिकटून असतं. मग बहुतेक वर्गांत फळ्यावर गोल डोकी आणि दोन-दोन शेपट्यांची आकृती निघते आणि धडा पुढं सरकतो. आकृती पाठ होते, पण हा थर एकत्र राहतो कशानं, असं विचारलं की उत्तर येत नाही.

उत्तर आहे पाणी. पटलातले मेदाचे रेणू एकमेकांना पक्क्या रासायनिक बंधांनी जोडलेले नसतात. त्यांच्या तेलकट शेपट्या पाण्यापासून दूर सरकतात, पाणीही त्यांना आपल्यात सामावून घेत नाही, आणि ह्या दोन गोष्टींतून दुहेरी थर आपोआप जमतो. हे मनात ठसलं की गळती, प्रवाहीपणा, साबणाचा परिणाम, उन्हानं पान करपणं हे सगळं एका सूत्रात बसतं. खाली दिलेले प्रयोग त्यासाठीच आहेत. तालुक्याच्या गावी मिळणाऱ्या सामानात ते होतात.

आधी पाण्याची सोय

विदर्भात हे प्रयोग फसण्याचं मोठं कारण म्हणजे पाणी. अकोला, बुलडाणा आणि अमरावती जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. तिथल्या विहिरी-बोअरच्या पाण्यात मीठ बरंच असतं. बाकी ठिकाणीही बोअरचं पाणी बहुधा जड असतं. खारं पाणी परासरणाचा प्रयोग बिघडवतं. जड पाण्यातलं कॅल्शियम मेदाच्या ऋणभारित फॉस्फेट डोक्यांना धरून ठेवतं, पटल घट्ट करतं आणि गळती कमी दाखवतं. साबण अशा पाण्यात फाटतो तो वेगळाच.

बॅटरीच्या दुकानातून डिस्टिल्ड वॉटरचा ५ लिटरचा कॅन आणा. टीडीएस पेन (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण दाखवणारा) बुडवून आकडा १० च्या आत आहे ना, हे पाहा. आरओचं पाणी बीट धुवायला चालेल, पण पानांच्या प्रयोगाला चालणार नाही. त्यात क्षार शिल्लक असतात.

दुसरी गोष्ट हंगामाची. बीटचा प्रयोग डिसेंबर ते फेब्रुवारीत घ्या. एप्रिलमध्ये टिनाच्या वर्गात ‘सामान्य तापमान’ म्हणून ठेवलेलं पाणीच ४० अंशांवर असतं, आणि मग तुलनेला थंड नमुना उरतच नाही. उन्हाळ्यातच घ्यावा लागला तर माठातल्या पाण्याच्या भांड्यात परीक्षानळ्या उभ्या करा आणि आतलं तापमान मोजून लिहा. ‘सामान्य तापमान’ असं मोघम लिहू देऊ नका.

रेणूची ओळख: तीन बाटल्या

झाकणाच्या तीन पारदर्शक बाटल्या घ्या. प्रत्येकीत २० मिलि पाणी आणि ५ मिलि रिफाइंड सोयाबीन तेल घाला. पहिली तशीच ठेवा. दुसरीत अर्धा चमचा सोया लेसिथिन (सोयाबीन तेलातून वेगळा काढलेला, पटलातल्यासारखा मेद) घाला, तिसरीत भांड्यांच्या द्रवरूप साबणाचे ५ थेंब. तिन्ही एकसारख्या ३० वेळा हलवा आणि १० मिनिटं सोडून द्या. पहिलीत तेल वर येतं, दुसरी-तिसरी दुधाळ राहतात. लेसिथिन नसेल तर अंड्याचा पिवळा बलक चालतो, पण बलकातली प्रथिनंही तेलाचे थेंब धरून ठेवतात, म्हणून श्रेय सगळं मेदाला देता येत नाही.

इथंच तेल आणि पटलातला मेद ह्यांतला फरक सांगून टाका. तेलाच्या रेणूत ग्लिसरॉलच्या तिन्ही जागांवर मेदाम्लं असतात. पाण्याकडे ओढ असलेला भाग जवळपास नाहीच. फॉस्फोलिपिडमध्ये दोन जागांवर मेदाम्लं आणि तिसऱ्या जागेवर फॉस्फेटचं भारित डोकं असतं. ह्या डोक्याला कोलीन जोडलं की फॉस्फॅटिडिलकोलीन, म्हणजे लेसिथिनचा मुख्य घटक. इथॅनोलअमाइन किंवा सेरीन जोडलं की दुसरे प्रकार होतात. दोन शेपट्यांमुळे रेणू साधारण नळकांड्याच्या आकाराचा होतो आणि असे रेणू शेजारी-शेजारी सपाट पसरतात. साबणाच्या रेणूला शेपटी एकच, म्हणून तो शंकूसारखा होतो, आणि असे रेणू सपाट थराऐवजी छोटे गोळे बनवतात.

दोन शेपट्यांचं हे महत्त्व शेतकऱ्याच्या मुलांना पटकन कळेल असं एक उदाहरण आहे. घोणस आणि नागाच्या विषात फॉस्फोलायपेज ए-२ नावाचं विकर असतं. ते फॉस्फोलिपिडची मधली शेपटी कापतं. उरलेला एकशेपटी रेणू साबणासारखा वागतो आणि पेशींचं पटल फोडू लागतो. विषात इतरही घातक घटक असतात, पण मेदाच्या रचनेला हात लावला की पेशीचं काय होतं हे ह्यावरून समजतं. आणि वर्गात साप निघालाच आहे, तर हेही सांगायला हवं: दंश झाल्यावर वेळ न घालवता प्रतिविष असलेल्या सरकारी दवाखान्यात पोचवायचं, मांत्रिकाकडे नाही.

सोयाबीन आपल्याच मातीतलं आहे, त्याचा इथं उपयोग करून घ्या. घाण्यातून निघालेल्या कच्च्या सोयाबीन तेलात साधारण १ ते ३ टक्के फॉस्फोलिपिड असतात. तेल शुद्धीकरणाच्या कारखान्यात कोमट तेलात थोडं पाणी मिसळतात. फॉस्फोलिपिड पाणी धरून फुगतात आणि डिंकासारखे खाली बसतात. तो डिंक वेगळा करून वाळवला की लेसिथिन. साधं तेल पाणी धरत नाही, फॉस्फोलिपिड धरतं. ह्याच गुणावर तो अख्खा टप्पा चालतो.

पाण्यात आपोआप उभे राहणारे थर

हा प्रयोग फार कमी शाळांत होतो, आणि आमच्या मते मेदाच्या धड्यातला सर्वांत मोलाचा तोच आहे. लागतं काय, तर तेल काढून टाकलेलं दाणेदार सोया लेसिथिन. नागपूर-अमरावतीच्या पूरक आहाराच्या दुकानांत किंवा ऑनलाइन मिळतं. कॅप्सूलमधलं पातळ लेसिथिन घेऊ नका. त्यात तेल मिसळलेलं असतं आणि तेलाचे थेंबच दिसत राहतात.

कोरड्या काचपट्टीवर मोहरीच्या दाण्याच्या निम्म्याएवढा कण ठेवा. वर आच्छादनकाच ठेवून पेन्सिलीच्या मागच्या टोकानं हलकेच दाबा, कण चपटा होऊन पसरला पाहिजे. आता १० पटीच्या वस्तुभिंगाखाली त्या कणाची कड शोधा. कड सापडल्यावरच आच्छादनकाचेच्या बाजूला ड्रॉपरनं पाण्याचा एक थेंब सोडा. पाणी आपसूक आत ओढलं जातं. काचपट्टीखालचं उजेड येण्याचं छिद्र (डायफ्रॅम) बरंच लहान करा, कारण दिसायचं आहे ते जवळपास पारदर्शक असतं. काही मिनिटांतच कडेतून बोटांसारख्या नळ्या बाहेर येऊ लागतात, लांबतात, वळतात, काही स्वतःभोवती गुंडाळतात. ४० पटीवर आणखी स्पष्ट दिसतात.

ह्यांना मायलिन आकृत्या म्हणतात. रुडॉल्फ विरशो ह्यांनी १८५४ मध्ये त्यांचं वर्णन केलं होतं. कोरड्या मेदात पाणी शिरतं, डोकी पाण्याकडे वळतात, शेपट्या आत लपतात, आणि असे दुहेरी थर एकावर एक रचून नळी तयार होते. तिथं कोणतीही पेशी नाही, डीएनए नाही, विकर नाही. तरीही थर उभा राहतो. एक काळजी घ्या: नळीच्या भिंतीत असे पुष्कळ थर असतात, म्हणून तर ती दिसते. ‘हाच दुहेरी थर’ असं मुलांना सांगू नका. १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये ॲलेक बँगहॅम ह्यांनी लेसिथिन पाण्यात मिसळून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तेव्हा बंद पिशव्या दिसल्या, त्याच पुढं लायपोसोम म्हणून औषधं पोचवायला वापरात आल्या.

काहीच हललं नाही तर बहुधा कण जाड राहिलेला असतो. पाणी घातल्याबरोबर सगळं वाहून गेलं तर थेंब मोठा होता. लेसिथिन पिवळट-तपकिरी होऊन खवट वास येत असेल तर टाकून द्या. त्यातली असंपृक्त मेदाम्लं हवेतल्या ऑक्सिजननं बिघडतात आणि मे महिन्यात हे फार लवकर घडतं. डबा घट्ट लावून फ्रीजमध्ये ठेवावा.

पटल आहे, हे सिद्ध करणं

रससंकोचाचा प्रयोग सगळ्यांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. लाल कांद्याच्या जांभळ्या पाकळीच्या बाहेरच्या बाजूचा पापुद्रा किंवा ऱ्हिओच्या पानाच्या खालच्या बाजूचा पापुद्रा घ्या. ५ ग्रॅम मीठ १०० मिलि पाण्यात विरघळवून त्याचा थेंब द्या. काही मिनिटांत रंगीत भाग भित्तिकेपासून सुटून आकसतो. साध्या पाण्यानं धुतलं की परत फुगतो.

बहुतेक जण इथंच थांबतात. पण खरी गंमत तुलनेच्या नमुन्यात आहे. त्याच कांद्याचा दुसरा पापुद्रा ७० अंशांच्या पाण्यात १ मिनिट बुडवा आणि मग मिठाचं पाणी द्या. रंग निघून गेलेला असतो आणि आकसणं होत नाही. भित्तिका दोन्हींत शाबूत आहे. म्हणजे पाणी जाऊ देणारी पण मीठ आणि रंग अडवणारी वस्तू भित्तिकेहून वेगळी होती, आणि ती उष्णतेनं मोडली. पटल न पाहता त्याचं अस्तित्व इतक्या स्वच्छपणे दुसऱ्या कशानं दिसत नाही.

बीटचा प्रयोग

बीटचा रंग, बीटानिन, पेशीतल्या मोठ्या रिक्तिकेत साठलेला असतो. तो पाण्यात विरघळतो आणि भारित असतो, म्हणून मेदाच्या तेलकट गाभ्यातून पार होऊ शकत नाही. बाहेर यायला त्याला दोन पटलं ओलांडावी लागतात, रिक्तिकेचं आणि पेशीचं. पाण्यात रंग दिसला म्हणजे दोन्ही फाटली किंवा सैल झाली.

आठवडी बाजारातून बीट घेताना कडक, वजनदार आणि न कापलेलं घ्या. सुरकुतलेल्या बीटमध्ये बऱ्याच पेशी आधीच गळत असतात. सगळे तुकडे एकाच बीटचे असावेत, कारण दोन बीटमध्ये रंगाचं प्रमाण सारखं नसतं. साल काढून १ सेंमी × १ सेंमी जाडीच्या कांड्या कापा आणि त्यांच्या ३ मिमी जाड चकत्या करा. सुरी धारदार हवी. बोथट सुरी पेशी चेंगरते. चकत्या १० मिनिटं पाण्यात ठेवा, पाणी चार-पाच वेळा बदला, शेवटचं पाणी रंगहीन राहिलं पाहिजे. कापताना फुटलेल्या पेशींचा रंग जाईपर्यंत पुढं जायचं नाही. घाईत हीच पायरी गाळली जाते आणि मग सगळ्याच नळ्या गुलाबी दिसतात. धुतलेल्या चकत्या एका वाटीत मिसळून घ्या, म्हणजे मधल्या आणि कडेच्या चकत्या सगळ्या नळ्यांत सारख्या वाटल्या जातील.

तापमानासाठी २५, ३५, ४५, ५५, ६५ आणि ७५ अंश असे सहा टप्पे ठेवा. प्रत्येकासाठी स्टीलच्या पेल्यात २०० मिलि पाणी लागेल. उकळतं आणि गार पाणी मिसळून तापमान जुळवता येतं. पेला स्वतः थोडी उष्णता खातो, म्हणून थर्मामीटर पाहूनच थांबा. तीन चकत्या चहाच्या गाळणीत ठेवून त्या पाण्यात बरोबर २ मिनिटं बुडवा. मग लगेच १० मिलि गार डिस्टिल्ड पाण्याच्या परीक्षानळीत टाका. २० मिनिटं ठेवा, दर ५ मिनिटांनी हलकेच हलवा, मग चकत्या काढून घ्या. वेळ जमला तर प्रत्येक तापमानाच्या तीन नळ्या करा.

नळी सरळ गरम पाण्यातच ठेवून रंग पाहण्याची पद्धतही प्रचलित आहे, पण ती टाळावी. जास्त तापमानावर बराच वेळ राहिलं की बीटानिन स्वतःच विटतं आणि तपकिरी होतं. मग ७५ अंशांच्या नळीत रंग कमी दिसतो आणि मुलं उलटा निष्कर्ष काढतात.

रंग मोजायला रंगमापक यंत्र नसलं तरी अडत नाही. तीन धुतलेल्या चकत्या खलबत्त्यात कुटून १० मिलि पाण्यात मिसळा, स्वच्छ कापडातून गाळा, १० मिनिटं निवळू द्या आणि वरचं पाणी घ्या. हे १०० टक्के. ह्यातलं ५ मिलि काढून त्यात ५ मिलि पाणी घातलं की ५० टक्के, त्यातून पुन्हा तसंच करत २५, साडेबारा आणि सव्वासहा. ह्या पाच नळ्या पांढऱ्या कागदासमोर उभ्या करा आणि प्रयोगाची प्रत्येक नळी कोणत्या दोन नळ्यांच्या मध्ये बसते ते लिहा. ‘फिकट, मध्यम, गडद’ ह्यापेक्षा हे कितीतरी पक्कं, आणि आलेख काढता येतो.

४५ अंशांपर्यंत पाणी फिकटच राहतं. ५५ च्या आसपास रंग एकदम वाढतो आणि ६५-७५ ला गडद होतो. ‘उष्णतेनं मेद वितळला’ असं उत्तर मुलं लिहितात, काही मार्गदर्शकांतही छापलेलं असतं. ते अर्धवट आहे. जिवंत पेशीच्या पटलातला मेद आधीपासूनच प्रवाही असतो. तापमान वाढलं की शेपट्यांची हालचाल वाढते, थर सैल आणि पातळ होतो. त्याच वेळी पटलातल्या प्रथिनांची घडी उलगडते आणि तिथं फटी पडतात. ह्या प्रयोगातून दोन्ही कारणं वेगळी करता येत नाहीत. उत्तरात दोन्ही लिहायला शिकवा.

एक जादा नळी जरूर करा. तीन चकत्या रात्रभर फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवून सकाळी १० मिलि पाण्यात वितळू द्या. पाणी गडद लाल होतं. बर्फाचे स्फटिक पटल फाडतात, आणि एकदा इतकं फाटलेलं पटल पेशीला सांधता येत नाही. थंडीनंही पटल मोडतं, हे मुलांना अनपेक्षित असतं.

मेदावरच्या थेट परिणामासाठी स्पिरिट आणि साबण वापरा. मेडिकलमधून ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा. सॅनिटायझरचं जेल नको. १० मिलि मिश्रणासाठी अडीच मिलि स्पिरिट आणि साडेसात मिलि पाणी घेतलं की साडेसतरा टक्के, निम्मं-निम्मं घेतलं की ३५ टक्के, साडेसात आणि अडीच घेतलं की साडेबावन्न टक्के. गार पाण्याच्याच तापमानावर, २० मिनिटं. अल्कोहोलचे रेणू डोक्यांच्या आसपास घुसून शेपट्यांची रचना विस्कटतात, म्हणून प्रमाण वाढलं की रंगही वाढतो. ह्या वेळी खोलीत स्टोव्ह, गॅस किंवा उदबत्ती पेटलेली नसावी. तापमानाचा भाग आधी उरकून, आग विझवून मगच बाटली उघडा.

साबणाच्या नळीत १ मिलि भांड्यांचा द्रव साबण आणि ९९ मिलि पाणी ह्या मिश्रणातलं १० मिलि घ्या. त्याआधी साबणाची परीक्षा करा: चिमूटभर हळद थोड्या पाण्यात कालवून त्यात साबणाचा थेंब टाका. हळद लाल झाली तर साबण अल्कधर्मी आहे, तो वापरू नका. अल्कधर्मी पाण्यात बीटचा लाल रंग निळसर-जांभळा आणि पुढं पिवळा होतो, त्यामुळे गळती मोजता येत नाही. कपड्यांचा सोडा आणि वडीचा साबण ह्याच कारणानं बाद.

साबणाचे एकशेपटी रेणू दुहेरी थरात शिरतात आणि मेदाला आपल्या गोळ्यांत ओढून नेतात. हेच तत्त्व गावातल्या सिकलसेल तपासणीतही वापरलं जातं. विद्राव्यता चाचणीच्या द्रवात सॅपोनिन असतं. ते तांबड्या पेशींच्या पटलातल्या कोलेस्टेरॉलला धरतं, पटल फुटतं आणि हिमोग्लोबिन बाहेर येतं. सिकल हिमोग्लोबिन त्या द्रवात विरघळत नाही, पाणी गढूळ दिसतं. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाकडच्या मुलांनी ही चाचणी शाळेच्या शिबिरात करून घेतलेली असते. त्यांना तिच्यातली पहिली पायरी पटल फोडण्याची आहे हे सांगा.

पानांवर: टीडीएस पेननं गळती मोजणं

पटल सैल झालं की पानातल्या पेशींतून पोटॅशियम आणि इतर आयन बाहेर झिरपतात. पिकाचं वाण उन्हाला किती टिकतं हे तपासायला कृषी संशोधक हीच गळती विद्युतवाहकता मापकानं मोजतात. आरओच्या दुकानात मिळणारा टीडीएस पेन त्याच तत्त्वावर चालतो, म्हणून शाळेत तो पुरतो.

सोयाबीन किंवा संत्र्याचं पूर्ण वाढलेलं, रोग नसलेलं पान सकाळी तोडा. कागदाला भोकं पाडायच्या पंचनं ८० चकत्या काढा, मधली शीर टाळा. डिस्टिल्ड पाण्यात तीनदा धुवा. ४०-४० चकत्या दोन अरुंद काचेच्या भांड्यांत, प्रत्येकी २० मिलि डिस्टिल्ड पाण्यात ठेवा. एक भांडं २५ अंशांच्या आणि दुसरं ५० अंशांच्या पाण्यात ३० मिनिटं ठेवा. दोन्ही पुन्हा २५ अंशांवर आणून टीडीएस लिहा. हा पहिला आकडा. मग दोन्ही भांडी उकळत्या पाण्यात १५ मिनिटं ठेवा, गार करा, उडालेलं पाणी भरून पुन्हा २० मिलि करा आणि टीडीएस घ्या. हा दुसरा आकडा, म्हणजे पेशींतलं जेवढं निघायचं तेवढं निघालेलं. दोन्ही आकड्यांतून नुसत्या पाण्याचा आकडा वजा करा. पहिल्याला दुसऱ्यानं भागून १०० नं गुणलं की गळतीची टक्केवारी मिळते.

सुरुवातीच्या पाण्याचा आकडा ८ आहे, ५० अंशांनंतर ३२ आणि उकळल्यावर ६८ आला असं समजा. मग गळती २४ भागिले ६०, म्हणजे ४० टक्के. हे आकडे हिशेब समजण्यापुरते आहेत. तुमच्या पानांचे वेगळे येतील. नुसता पहिला आकडा तुलनेला वापरू नये, कारण जाड पानात मुळातच क्षार जास्त असतात.

चुका ठरलेल्या आहेत. हाताचा घाम पाण्यात गेला की आकडा उडतो, म्हणून चिमटा वापरा. गरम पाण्यातच पेन बुडवला तर वाहकता जास्त दाखवते. संत्र्याच्या मेणचट चकत्या पाण्यावर तरंगतात. त्यांना मधूनमधून काडीनं बुडवा. फवारणी झालेलं पान नको, त्यावरचे क्षारच मोजले जातात.

मे महिन्यात हवा ४५ अंशांवर जाते तेव्हाही ओलिताच्या बागेतलं पान बाष्पोत्सर्जनानं स्वतःला हवेपेक्षा थंड ठेवू शकतं. पाणी तुटलं की पर्णरंध्रं मिटतात आणि उन्हातलं पान हवेपेक्षाही तापतं. करपलेला भाग हा गळून रिकाम्या झालेल्या पेशींचा असतो. ओलिताखालच्या आणि ताणावरच्या झाडाचं पान घेऊन गळती मोजली तर बारावीच्या प्रकल्पाला विषय तयार आहे. फवारणीत साबण जास्त झाला तर पान भाजतं, त्यामागंही मेण आणि पटलच आहे. ५ टक्के निंबोळी अर्काच्या १०० लिटरला साधारण २०० ग्रॅम साबण पुरतो, आणि भर दुपारी फवारायचं नाही.

प्रवाहीपणा: जवस, शेंगदाणा, खोबरेल, तूप

चार परीक्षानळ्यांत ५-५ मिलि जवसाचं तेल, शेंगदाणा तेल, खोबरेल आणि तूप घ्या. सगळे कोमट पाण्यात पातळ करून बर्फाच्या पाण्यात १५ मिनिटं ठेवा. खोबरेल आणि तूप गोठतात, शेंगदाणा तेल दाट किंवा गढूळ होतं, जवस वाहतं राहतं. बर्फात मीठ घालून तापमान शून्याखाली नेलं तरी जवस बराच काळ टिकून राहतं. जवसात निम्म्याच्या आसपास अल्फा-लिनोलेनिक आम्ल असतं, त्यात तीन दुहेरी बंध. प्रत्येक दुहेरी बंधाशी शेपटीला वाक येतो आणि शेपट्या एकमेकींना चिकटून बसू शकत नाहीत. सरळ शेपटीचं स्टिअरिक आम्ल सुमारे ६९ अंशांना वितळतं. तेवढ्याच १८ कार्बनचं पण एक दुहेरी बंध असलेलं ओलिइक आम्ल १३-१४ अंशांनाच.

ही बियांतली साठवणीची तेलं आहेत, पटल नव्हे, हे स्पष्ट सांगा. नियम मात्र तोच. थंडीत वाढणारी वनस्पती आणि जिवाणू आपल्या पटलात असंपृक्त मेदाम्लांचं प्रमाण वाढवतात. केळी १३ अंशांखाली ठेवली की साल काळवंडते. उष्ण प्रदेशातल्या फळाच्या पटलाला ती थंडी सोसत नाही आणि तिथून बिघाड सुरू होतो.

प्रवाही म्हणजे किती? दुहेरी थराच्या एका बाजूचा फॉस्फोलिपिड रेणू शेजाऱ्याशी जागा सेकंदाला सुमारे एक कोटी वेळा बदलतो. पण वरच्या थरातून खालच्यात उलटणं फार दुर्मीळ, कारण भारित डोक्याला तेलकट गाभा पार करावा लागतो. ते काम फ्लिपेजसारखी प्रथिनं ऊर्जा खर्चून करतात. १९७० मध्ये फ्राय आणि एडिडिन ह्यांनी उंदराची आणि माणसाची पेशी जोडली, तेव्हा दोघांची पटलातली प्रथिनं ३७ अंशांवर सुमारे ४० मिनिटांत एकमेकांत मिसळली. १९७२ मध्ये सिंगर आणि निकोलसन ह्यांनी फ्लुइड मोझेक मॉडेल (मेदाच्या प्रवाही थरात प्रथिनं तरंगतात ही कल्पना) मांडलं, त्यामागं असेच पुरावे होते. दुहेरी थराची कल्पना त्याहून जुनी, १९२५ ची. गॉर्टर आणि ग्रेंडेल ह्यांनी तांबड्या पेशींतला मेद पाण्यावर एक रेणू जाडीत पसरवला आणि तो पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरला. त्यांनी मेद पूर्ण काढला नव्हता आणि पृष्ठभागही कमी मोजला होता. दोन चुका एकमेकींना भरून निघाल्या आणि निष्कर्ष बरोबर ठरला. मुलांना हे जरूर सांगावं, मोजमापाची चिकित्सा कशी करायची ते ह्यातून कळतं.

मुलं हमखास विचारतात

वनस्पतीत कोलेस्टेरॉल असतं का? अगदी थोडं. त्याची जागा सिटोस्टेरॉल, स्टिग्मास्टेरॉल ह्यांनी घेतलेली असते. बुरशीत एर्गोस्टेरॉल असतं. स्टेरॉलची कडक, चपटी चौकट शेपट्यांमध्ये बसते. उष्णतेत थर फार सैल होऊ देत नाही, थंडीत गोठू देत नाही. हेक्झाकोनॅझोल, प्रोपिकोनॅझोल ही शेतातली बुरशीनाशकं बुरशीचं एर्गोस्टेरॉल बनणंच अडवतात. डब्यावरचं नाव ‘कोनॅझोल’वर संपलं की ती ह्याच कुळातली असं बहुतेक वेळा धरता येतं. एकाच कुळाची फवारणी सारखी केली तर बुरशी सरावते, म्हणून पुढच्या फवारणीला दुसऱ्या गटातलं बुरशीनाशक निवडायचं.

सगळ्या सजीवांत पटलाचा मेद एकसारखा असतो का? नाही, आणि ह्याचं उत्तम उदाहरण बुलडाणा जिल्ह्यात लोणारला आहे. जून २०२० मध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं तपासून त्याचं कारण मिठात वाढणारे हॅलोआर्किया (जिवाणूंसारखे दिसणारे पण वेगळ्या गटातले, आर्किया गटातले सूक्ष्मजीव) असल्याचं सांगितलं. आपल्या मेदात शेपट्या ग्लिसरॉलला एस्टर बंधानं जोडलेल्या असतात. तीव्र अल्कलीत तो बंध तुटतो; तेल आणि कॉस्टिक सोड्यापासून साबण होतो तो असाच. आर्कियाच्या मेदात तिथं ईथर बंध असतो आणि शेपट्या मेदाम्लांऐवजी आयसोप्रीनच्या फांद्यादार साखळ्यांच्या असतात. हा बंध अल्कलीला दाद देत नाही, आणि लोणारचं पाणी खारं तसंच अल्कधर्मीही आहे. सहल लोणारला जाणार असेल तर जाण्याआधी फळ्यावर दोन्ही बंध शेजारी-शेजारी काढून ठेवा आणि काठावर पोचल्यावर पाणी अल्कधर्मी आहे का, हे लिटमसनं मुलांनाच पाहू द्या.